मणगिरीच्या राणीची मोटार

१२ डिसेंबर १९३४

आली! बैलांनी ओढत आणली, पण आली.

चन्नप्पा शेटच्या रुईच्या वखारीपासून साखर पेठेपर्यंत लोक ओट्या-ओट्यांवर उभे होते. पुढे बैलजोडी, मागे विलायती डेम्लर, आणि स्टिअरिंगशी मी नवीन ठेवलेला लालसाब ड्रायव्हर. मान अशी खाली घातलेली, जसं काही त्याला चोरीत धरून नेतायत. मागच्या सीटवरची एक कोंबडी काही केल्या उतरेना. ती इथवर आली. राजाबाई म्हणते, आता अंडी आपली. राजाबाईचं असंच असतं. माझ्या प्रसूतिगृहात पहिल्या दिवसापासून आया आहे, आणि हातात आलेलं कधी परत देत नाही.

शेटच्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसरं माझ्या हातून सुखरूप झालं. शेट म्हणाले, सावित्रम्मा, मागाल ते देतो. त्यांना वाटलं लुगडं मागेन. मी म्हटलं, वखारीत मोटार पडून आहे ती द्या. ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले.

"घेऊन जावा की. पण सांगून ठेवतो, ती गाडी बरी न्हाई. तिच्यात राणी मेलीय."

मी म्हटलं, माझ्या खाटांवरही बायका गेल्यात. खाटा मी जाळत नाही, धुते.

१४ डिसेंबर

आज गाडी नीट पाहिली. दिवसभर धुतली. कोंबड्यांची विष्ठा, रुईचा कचरा, आणि सीटखाली लग्नातल्या अक्षता!

मागची सीट एवढी लांब आहे की बाई सरळ आडवी होते. समोर दोन घडीच्या बैठका, म्हणजे मी आणि सोबतीण बसू शकतो. काचांना आतून गोषाचे पडदे. कापड विरलंय, पण कड्या सगळ्या जागेवर. मला हीच पाहिजे होती. टांग्यात बाईला बसवून न्यायचं, वर उघडं, चाकाचा प्रत्येक दणका पोटात — किती जणींना तसं नेलंय! आणि कितीजणी निघाल्याच नाहीत, चार लोक बघतील म्हणून.

बाहेरून मात्र गाडी बघवत नाही. हिरवा रंग पोपडे धरून सुटतो, त्याखाली काळा, त्याखाली कुठंकुठं गडद निळा आणि सोनेरी रेघ. डाव्या दारावर मोर आणि तलवार. अर्धा मोर गेलाय, तलवार शाबूत.

लालसाबला आणि शेटना विचारून विचारून हकीकत जुळवली ती अशी. मणगिरीच्या महाराजांनी तेवीस वर्षांपूर्वी ही विलायतेहून मागवली, राणीसाहेबांसाठी. तो निळा रंग त्यांचा. राणी गेल्यावर त्यांनी विकली. इथल्या सोलापूरच्याच एका मिलच्या गोऱ्या मॅनेजरनं घेतली, काळी केली, शिकारीला न्यायचा; मडगार्डचा पोचा तेव्हाचा. तो मायदेशी गेला तशी एका कानडी गृहस्थानं अक्कलकोटच्या रस्त्यावर सर्व्हिस म्हणून चालवली. आत-बाहेर, टपावर, माणसंच माणसं. त्याच्याकडून शेटनी घेतली, हिरवी केली आणि लग्नांच्या वरातीला देऊ लागले. एका वरातीत नवरदेव घोड्यावरच बसायचं म्हणाला, का तर कुणीतरी राणीची गोष्ट त्याच्या कानात सांगितली. मग कुणीच मागेना. मग कोंबड्या.

२ जानेवारी १९३५

इंजिन बोललं! लालसाब हँडल मारून मारून घामाघूम, आणि एकदम असा धूर सुटला की शेजारचे मागवाले आग लागली समजून घागरी घेऊन धावले.

६ जानेवारी

लालसाब रंगासाठी हट्ट धरून बसलाय. एका मोठ्या घरची गाडी चालवलेला माणूस, टोपीसुद्धा रोज धुतलेली. म्हणतो, "बाई, एक हात काळा रंग द्या की. लोक हसतेत. मला मुलीचं लगीन करायचंय, असली गाडी हाकताना कोण बघितलं तर?"

मी नाही म्हटलं. रंगाच्या पैशात खाटा येतात, हे एक. दुसरं त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. ज्याच्या हाती गेली त्यानं तिला आपल्या रंगाची करून घेतली. मला हे ओळखीचं आहे. अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी माझं सावित्रम्मा काढून गौरम्मा ठेवलं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा भावानं घरी आणून 'अक्का' केलं. मिरजेला शिकायला गेले तेव्हा रजिस्टरात नाव विचारलं. मी म्हटलं, सावित्रम्मा. बास.

घरात तेलुगू बोलते, पण लिहिता येते ती मराठीच. म्हणून हे सगळं मराठीत.

१६ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. गर्दीतून गाडी काढावी लागली. पोरं मागे धावत ओरडत होती. पेठेत एका पानवाल्यानं मोठ्यानं म्हटलं की वांझ सुईण आणि मेलेली राणी, जोडी जमली. लालसाबनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी गाडी थांबवायला लावली, उतरले, पानवाल्याला विचारलं तुझी बायको कितव्या महिन्यात आहे. सातव्या, म्हणाला. मग ये, म्हटलं. तेव्हा कुठं त्याचं तोंड उतरलं.

येईल का? बघू.

२९ जानेवारी

मागवाल्यांच्या कमलम्माला मूल आडवं होतं. माझ्या हातचं काम नव्हे, सिव्हिलला न्यायलाच हवं. गाडी दारात आणून लावली. सासू उंबऱ्यात आडवी झाली. मेलीच्या गाडीत आमची सून बसणार नाही. मी हात जोडले, ओरडले, शेवटी घडीची बैठक उचलून रस्त्यावर टाकली आणि म्हटलं बघा, लाकूड आणि चामडं आहे, भूत कुठं आहे ते दाखवा.

टांग्यातून नेलं.

३० जानेवारी

कमलम्मा वाचली. मूल टांग्यातच गेलं होतं.

गाडी दारात उभी होती.

२ फेब्रुवारी

लालसाब आपणहून पडदे शिवून घेऊन आला, जाड खादीचे, निळ्या रंगाचे. बायकोनं शिवले म्हणाला. रंगाचं नाव काढलं नाही.

१९ फेब्रुवारी

बडेसाब तंबाखूवाल्यांकडून बोलावणं. त्यांची धाकटी सून गुलबानो, कालपासून कळा देतेय, बाळ सरकत नाही. कडक गोषाचं घर. मला आत नेलं, हात लावून पाहिलं. सिव्हिल, आणि लगेच. बडेसाब दाराबाहेर उभे, पाठ फिरवून. मोठा गंभीर माणूस. म्हणाले, बाई, आमच्या घरातून अशा हालतीत बाई रस्त्यावर गेलेली नाही.

मी म्हटलं रस्त्यावर जाणार नाही. गाडी अंगणात येईल, दाराला दार लागेल, पडदे खाली. कुणाला नखही दिसणार नाही.

कोणती गाडी ते त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. घरातल्या बायका कुजबुजू लागल्या. नवरा पोरसवदा, तो नुसता बापाकडे बघे. तेवढ्यात आतून गुलबानोनंच आवाज दिला. सगळ्या घरानं तिचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नसेल.

"इथं बी मरायलीच हूं ना? मग बसून मरते. उठवा मला."

बडेसाबांनी मान हलवली. एवढंच. पण हलवली.

लालसाबनं इतकी हळू चालवली की मीच ओरडले, अरे पळव! मंगळवार पेठेत बैलगाड्यांचा खोळंबा होता. दारावरची तलवार बघून की काय, गाडीवान आपोआप बाजूला झाले. गाडी संस्थानातून सुटली तरी दारावरचा मोर अजून वाट काढतो. हसू आलं मला, अशा वेळीही.

मुलगा. दोघं सुखरूप. मी घरी आले तेव्हा मिलचा भोंगा होत होता. भाकरी खाल्ली, चटणी नव्हती, तरी कधी एवढी गोड लागली नाही.

२७ फेब्रुवारी

पानवाल्याची बायको आली! तिलाही गाडीतूनच यायचं होतं. घर तीन घरं सोडून आहे.

११ मार्च

मोहोळच्या बाजूच्या वाडीतून तानाबाई नावाची धनगर बाई तपासून घ्यायला आली. पहिलटकरीण. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. जाताना गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, हीच व्हय ती? लई मोठी हाय की. मला नेशीला का हिच्यातनं?" दिवस भरत आले की इथंच येऊन राहा म्हटलं.

मोहोळपर्यंत पोचली ही गोष्ट. आता 'मेलीची गाडी' कुणी म्हणत नाही. 'बाईची गाडी' म्हणतात.

२२ मार्च

मणगिरीहून कारभारी आले. मडिवाळप्पा. पगडी, काठी, मागे छत्री धरणारा माणूस. खुर्ची पुसून घेऊन बसले. जुने महाराज गेल्या साली वारले, मुलगा गादीवर आलाय, धाकटे सरकार म्हणतात त्यांना. सरकारांना आईसाहेबांची मोटार परत हवी आहे. मुंबईहून कारागीर आणून पहिल्यासारखी करणार — निळा रंग, सोनेरी रेघ, मोर, नवं चामडं. बदल्यात मला नवीकोरी फोर्ड.

मी विचारलं, फोर्डच्या मागच्या सीटवर बाई आडवी मावते का. त्यांना प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारला.

म्हणाले, बाई, संस्थान मागतंय.

मी म्हटलं, ऐकलं मी. देत नाही.

लालसाब माझ्यावर चिडलाय. नवी गाडी दारात चालून आली होती! दोन घास कमी जेवला. त्याला काय सांगू? माझा जीव काही त्या लोखंडात अडकलेला नाही. पण पडदे, ती सीट, ते दाराला दार लागणं, हे सगळं मी सोडायचं आणि ती तिकडे जाऊन काय करणार? वाड्यात उभी राहणार. चकचकीत.

५ एप्रिल

मडिवाळप्पा पुन्हा. आता प्रसूतिगृहाला देणगी. भिंतीत सरकारांच्या नावाची फरशी बसवायची. नको म्हटलं.

९ एप्रिल

घरमालक येऊन गेला. जागा त्याला स्वतःला हवी आहे म्हणे, एकाएकी. मणगिरीची माणसं त्याच्या ओसरीवर चहा घेताना राजाबाईनं पाहिली. मी म्हटलं, दहा बायकांची बाळंतपणं ह्या महिन्यात ठरलीत, त्यांच्या नवऱ्यांना तुम्हीच सांगा कुठं जायचं ते. बडेसाबांना सांगा. पानवाल्याला सांगा. तो बिचारा पानवाल्याचं ऐकून दचकला. त्याचं रोजचं पान तिथलं.

पुन्हा आला नाही.

३० एप्रिल

ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला येतं. आज मडिवाळप्पांनी शेवटचं सांगून पाहिलं. ह्या वेळी आवाज वेगळा. म्हणे गाडी संस्थाननं रीतसर विकलीच नव्हती, महाराजांनी दुःखाच्या भरात काढून टाकली, सबब ती अजून संस्थानची, आणि दारावर निशाणी आहेच. निशाणी! सगळ्यांनी तिच्यावर रंग फासला तेव्हा ही निशाणी कुठं होती?

चन्नप्पा शेटकडे गेले. तुम्हीच विकत घेतली होती, तेवढं फौजदाराला सांगा. शेट खाली बघत राहिले. "मला त्यात ओढू नका बाई. मणगिरीचा सगळा कापूस माझ्याकडं येतो." माणूस वाईट नाही. पण मी उठून आले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

७ मे

आजचं सगळं लिहून काढते.

सकाळी तानाबाईला कळा सुरू. पाच दिवसांपासून इथंच होती. दुपारपर्यंत लक्षात आलं, बाळ पायाळू, आणि बाई फार दमलेली. सिव्हिलला न्यायचं ठरवलं. गाडीत घातली, पडदे ओढले, लालसाब हँडल मारायला वाकला, आणि समोर फौजदार, चार शिपाई, मडिवाळप्पा. गाडी जप्त.

लालसाब सरळ झाला. हँडल हातात तसंच. बाजूला हो म्हणाले. झाला नाही. हाच माणूस मला रोज सांगत होता की ही गाडी म्हणजे त्याची बेअब्रू!

मी पडदा न उघडता आतूनच बोलले. फौजदारसाहेब, आत बाळंतीण होतेय. पायाळू आहे. गाडी न्यायची असेल तर आतल्या तिघींसकट न्या, पण सिव्हिलवरून न्या. नाहीतर जे होईल ते तुमच्या हातून झालं असं मी गावाला सांगेन.

मडिवाळप्पा म्हणाले, ही नेहमीची सबब आहे. खाटेवर उतरवा बाईला, गाडी सोडा.

तेवढ्यात तानाबाई ओरडली. मग फौजदाराला सबब आहे की काय ते विचारावं लागलं नाही.

आता पुढे न्यायलाही वेळ नव्हता. पाय दिसत होते. आत भट्टी झालेली, मी गुडघ्यावर, राजाबाई तानाबाईच्या डोक्याशी. बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. माग थांबले, आमच्या पेठेत माग थांबले की कान दुखतात, एवढी शांतता. मग बायकांचे आवाज, तेलुगूत. कमलम्माचा आवाज ओळखला मी. ती तिच्या सासूला सांगत होती, तू पण उभी राहा इथं. मग बडेसाबांचा जाड आवाज, फौजदाराशी अगदी अदबीनं — माझा नातू ह्याच गाडीनं वाचलाय साहेब, आम्ही इथंच थांबतो, तुम्हाला त्रास नाही द्यायचो.

तानाबाई दातओठ खात म्हणाली, "बाई, भायेर लई माणसं हायती का?" मी म्हटलं पडदा आहे. ती म्हणाली, "असूं दे मग. मला काय त्याचं."

डोकं शेवटी आलं. निळं. मी उलटं धरलं, पाठीवर चापट्या, तोंडातलं काढलं, पुन्हा चापट्या. राजाबाई बिरोबाचं नाव घेत होती. किती वेळ ते माहीत नाही. मग रडली! मुलगी.

बाहेर कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एकदम माग सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळे.

मी पडदा सारून खाली उतरले. लुगडं रक्तानं भरलेलं. फौजदार टोपी काढून उभा होता. मडिवाळप्पांना म्हणाला, ह्या कामाला मी पुन्हा येणार नाही, दिवाणी कोर्टात जा. आणि गेला.

लालसाबनं हँडल खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसला. मी पाणी नेऊन दिलं.

८ मे

चन्नप्पा शेटकडून गव्हाची पोती आणि निरोप: फौजदारांना सांगून आलो, मी विकत घेतली होती, मी दिली. उशिरा का होईना.

पोती ठेवून घेतली. राजाबाई परत देऊच देत नव्हती.

१२ जून

काल पाऊस पडून गेला, टपातून आत गळतं. बाकी ठीक.

१५ जून

दुपारी टांग्यातून एक तरुण माणूस उतरला. साधं धोतर, कोट, डोळे ओढलेले. कुणा पेशंटचा नवरा असेल म्हणून बसा म्हटलं. म्हणाला, मला ती मोटार बघायची आहे. मी मणगिरीहून आलो.

तेच. धाकटे सरकार स्वतः. बरोबर चिटपाखरू नाही.

मी कडक होऊनच बोलले. कारभाऱ्यांचं ऐकलं, फौजदाराचं पाहिलं, आता तुम्ही. ते म्हणाले, आणायला सांगितली होती, हिसकावायला नाही. त्यांच्या वतीनं माफी मागतो. मग दार उघडून आत जाऊन बसले. मागच्या सीटवर, अगदी कडेला, दुसऱ्या कुणासाठी जागा ठेवल्यासारखे. बराच वेळ फाटलेल्या चामड्यावर हात फिरवत होते.

"मी ह्या सीटवर जन्मलो," म्हणाले. "आई इथंच गेली."

वाड्यात सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं, जन्म महालातला. त्यांना अंगावर पाजलेल्या बाईनं मरताना खरं सांगितलं. राणीसाहेब अडल्या होत्या. वाड्यातल्या सुइणींनी हात टेकले तेव्हा कुणीतरी हिंमत करून मोटारीत घातलं, सोलापूरला डॉक्टरकडे आणायला. वाटेत महाराजांचा स्वार आडवा आला. परक्या पुरुषानं हात लावायचा नाही, महाराजांचा हुकूम येईपर्यंत थांबा. एका ओढ्याकाठी गाडी थांबली ती थांबलीच. हुकूम आला, जाऊ द्या म्हणून. तोवर संध्याकाळ झाली होती आणि आतून एकच रडणं येत होतं.

महाराजांनी पहिल्या मागणाऱ्याला गाडी विकून टाकली. ह्यांनी कळल्यापासून शोध चालवला होता.

मग म्हणाले, रंग लावणार नाही. आता पाहिल्यावर नाही. आहे तशी ठेवीन, एका दालनात, एकटी. तिची दुसरी आठवण नाही माझ्याजवळ, एक फोटोसुद्धा नाही. तुम्ही सांगाल ती गाडी, सांगाल तेवढ्या लांबीची, मुंबईहून तयार आणवून, पडदे लावून पाठवतो. पण ही द्या.

रडत होते. मोठा माणूस, लहान मुलासारखा नाक पुसत.

तीन महिने सगळ्यांना नाही म्हणाले मी. आज तोंडातून 'नाही' निघेना. मी बायकांना आई करते, मला मूल नाही. आईवाचून राहिलेलं मूल असं समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती फक्त नाव लावून बसणाऱ्यांची गाडी नव्हती तर. कुणाची तरी खरोखर होती.

हो म्हटलं. नवी गाडी आली की ही न्या.

तासभर बसून गेले. चहा घेतला.

१७ जून

लालसाब बोलत नाही. राजाबाईही नाही. तिनं एवढंच म्हटलं की मोठ्यांच्या डोळ्यांतलं पाणी लौकर दिसतं. मला लागलं ते. पण शब्द दिलाय.

२१ जून

नवी गाडी आली. लांब, बंद, पडदे रेशमी. बाई आडवी मावते, निजून पाहिलं मी. शब्दाला पक्के निघाले. परवा त्यांची माणसं जुनी न्यायला येतील.

लालसाबनं नव्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. जुनी पुसत बसला होता.

२२ जून

दुपारच्या आगगाडीनं एक मुलगी आली, वीसच्या आत-बाहेर, बरोबर म्हातारी दासी. नाव कस्तुराबाई. आठवा सरत आलेला. पाय असे सुजलेले की बोट दाबलं तर खड्डा राहतो, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे अंधारी. नवऱ्याला न सांगता आली. नवरा काय करतो विचारलं तर दासी रडू लागली. मुलगी रडली नाही.

"मणगिरीला गादीवर असतात. सुइणी वाड्यातच बोलावल्यात. आमच्यातली बाई बाळंतपणाला बाहेर जात नाही, म्हणाले."

माझ्यासमोर तासभर बसले होते. हिच्याबद्दल एक अक्षर नाही.

सिव्हिलला पोचवून आत्ताच परत आले. जुन्याच गाडीतून नेलं. नवी उद्या सकाळी त्यांच्याकडे परत जाईल, रेशमी पडद्यांसकट. लालसाबला सांगितलं, जुनीला कुलूप लाव आणि किल्ली माझ्याजवळ दे.

उद्या त्यांची माणसं येणार आहेत. येऊ देत.